मुलींचे कपडे कोण धुतं?

कॉलेजच्या क्रीडा विभागात तिला खऱ्या नावानं हाक मारणारं एकही माणूस उरलं नव्हतं. खेळाडूंपासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती मावशी. तळमजल्यावरचं सामानघर तिच्या ताब्यात होतं. दोन मोठी वॉशिंग मशीन, एक ड्रायर, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या आणि व्हरांड्याकडे उघडणारी एक खिडकी. खिडकीला वर सरकणारं पत्र्याचं शटर. सकाळी सातला शटर वर जायचं, संध्याकाळी पाचला खाली यायचं. मधल्या वेळात मावशी लोकांना दिसायची ती फक्त छातीपासून वर. ती ठेंगणी आहे की उंच, हे सांगायला कुणाला जमलं असतं की नाही शंकाच आहे.

तिचं मुख्य काम म्हणजे मुलांच्या बास्केटबॉल संघाचे कपडे. घरच्या सामन्यांचे पांढरे, बाहेरचे गडद निळे, सरावाचे वेगळे. प्रत्येकाची नंबर घातलेली जाळीची पिशवी, तीत त्याचे मोजे. काम कंटाळवाणं होतं, पण मावशीनं त्यात डोकं घातलं होतं. कुणाचा एकच मोजा टाचेला झिजतोय, कुणाच्या चड्डीला मलमाचा वास येतोय, यावरून ती कोण लंगडतोय आणि लपवतोय ते ओळखायची. मुलांच्या संघाचे प्रशिक्षक आठवड्यातून एकदा तरी खिडकीवर कोपर टेकून विचारायचे, "काय मावशी, या खेपेला कुणाचा गुडघा?" ती नंबर सांगायची. सहसा बरोबर निघायचा.

मुलींचाही संघ होता. सकाळी सहाला, जुन्या लहान हॉलमध्ये त्यांचा सराव चाले, कारण मोठा हॉल दुपारभर मुलांना लागायचा आणि उरलेल्या वेळात तो म्हणे 'विश्रांतीला' असायचा. शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एक बाई आपलं काम सांभाळून मुलींना शिकवायच्या, त्याचा वेगळा मोबदला नव्हता. कपड्यांचा एकच जोड, तोही व्हॉलीबॉलच्या मुलींबरोबर वाटून घेतलेला. पाठीवर चिकटपट्टीचे आकडे. घाम आला की सातचा आकडा गळून पडायचा आणि पंच खेळ थांबवून विचारायचे, ही कोण?

अकरा वर्षांपूर्वी, संघ नवा असताना, एक मुलगी कपड्यांचं बोचकं घेऊन खिडकीवर आली होती. मावशीनं क्रीडाप्रमुखांना विचारलं. सर मान वर न करता म्हणाले, "त्यांचं आपल्याकडे नाही. मशीनवर ताण येतो." मावशीनं परत येऊन तेच सांगितलं, फक्त जरा गोड करून. "तुमचं आमच्याकडे नसतं गं." पुढच्या वर्षी दुसरी आली, तिसऱ्या वर्षी तिसरी. त्यांनाही हेच ऐकवलं. पुन्हा पुन्हा म्हणून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की ते कुणाचं होतं हेही ती विसरली. मग कुणी यायचंच बंद झालं. मुली कपडे घरी नेऊन धुवायच्या आणि ओलेच असले तर तसेच घालून खेळायच्या.

मावशी स्वतः खेळली होती, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या काळी मुलींचा खेळ निराळा होता. सहा-सहा जणी, मैदानाच्या मधोमध रेघ. तीन जणी रेघेच्या पुढे राहून बास्केट करणार, तीन जणी मागे राहून अडवणार, आणि कुणीही रेघ ओलांडायची नाही. बायकांच्या जातीला जास्त धावणं सोसत नाही, असं मोठमोठे लोक छातीठोकपणे सांगत. मावशी मागच्या तिघींत होती. दोन वर्षं ती खेळली, चांगली खेळली, आणि दोन वर्षांत एकाही सामन्यात तिनं रिंगकडे चेंडू फेकला नाही. फेकायची परवानगीच नव्हती. मग वडील गेले, शिक्षण सुटलं, आईचं आजारपण सुरू झालं. लग्नाचं बोलणं दोनदा निघालं आणि दोनदा आईच्या खाटेपाशी येऊन थांबलं. आई गेली तेव्हा मावशी एक्केचाळीस वर्षांची होती. कॉलेजपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांतल्या एकीत ती राहायची आणि दुसरीत आईची खाट होती.

दिवसातलं बोलणं म्हणावं असं बोलणं व्हायचं ते दुपारी. इमारतीचा वायरमन नऊ वर्षं तिच्याबरोबर डबा खात होता. ती त्याला दादा म्हणे, तो तिला ताई. कुठल्या मजल्यावर फ्यूज उडाला, त्याच्या मुलाला गणितात काय पडलं, तिच्या ड्रायरचा पट्टा कसा कुरकुरतो. एवढ्यावर त्यांचा अर्धा तास मजेत जायचा.

मावशीला सत्तेचाळिसावं चालू होतं तेव्हाची गोष्ट. जुन्या हॉलमध्ये बास्केटच्या मागे जेमतेम चार पावलांवर भिंत होती. तिच्यावर गादी टांगलेली असायची. त्या सकाळी गादीचा एक हूक सुटलेला होता. संघातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ पोर, जिला सगळ्या भिंगरी म्हणायच्या, बाहेर जाणारा चेंडू वाचवायला धावली आणि थेट उघड्या भिंतीवर आदळली. मनगट मोडलं. बाई धावत नुकत्याच उघडलेल्या खिडकीशी आल्या.

"मावशी, बर्फ! लवकर!"

बर्फाचं मशीन मुलांच्या संघाच्या उपचारखोलीत होतं. त्या खोलीची किल्ली मावशीकडे होती, आणि कुणासाठी उघडायची याची यादीही. तिनं यादी बघितली नाही. टॉवेलात बर्फ गुंडाळून ती स्वतः हॉलमध्ये गेली. भिंगरी रडत नव्हती. ती हाताकडे बघत पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती, "चेंडू आत राहिला का?"

तिसऱ्या दिवशी मावशीला मेमो आला. परवानगीशिवाय खोली उघडल्याबद्दल. तिनं पोच म्हणून सही केली.

त्याच आठवड्यात बाईंनी आणि मुलींनी तक्रार केली. कॉलेजकडे नाही, कॉलेजच्या वर. हॉल, कपडे, उपचार, प्रशिक्षक, सगळ्यात दुजाभाव होतो म्हणून. चौकशी समिती नेमली गेली. कॉलेजनं उत्तर दिलं की सोयी सगळ्यांना सारख्याच आहेत, मुलीच त्या वापरत नाहीत.

एके संध्याकाळी मावशी शटर खाली ओढत असताना पलीकडून कुणीतरी हातानं ते अडवलं. मुलींच्या संघाची कप्तान होती. इतकी उंच, की खिडकीतून बघायला तिला कमरेत वाकावं लागे.

"मावशी, समितीपुढे बोलाल का? आमचं कुणी खरं मानत नाही. तुम्ही आतल्या आहात."

"मी काय बोलणार? मी कपडे धुते."

"तेच सांगा."

मावशीनं शटरची कडी हातात फिरवली. "हे बघ पोरी, तू वर्षभरात पास होऊन जाशील. मला इथंच राहायचंय."

कप्ताननं शटरवरचा हात काढला. ताठ उभी राहिली आणि निघून गेली. तिनं हुज्जत घातली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी क्रीडाप्रमुखांनी बोलावलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला खुर्ची दिली.

"मावशी, तुम्ही म्हणजे घरच्या. मेमोचं मनावर घेऊ नका, तो काढून टाकू. समितीनं विचारलं तर एवढंच सांगायचं, मुलींनी कधी कपडे आणून दिलेच नाहीत. दिले असते तर धुतले असते."

"पण आणले होते, सर."

"कधी?"

"सुरुवातीला. तुम्हीच म्हणालात—"

"इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतं?" सर हसले. हसू तोंडापुरतंच होतं. "जा, कामं असतील तुम्हाला."

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

हे 'बरं' तिला लागून राहिलं. खोटं बोलायला सांगितलं याचा तिला एवढा राग नव्हता. साहेब लोक सांगतातच. पण आता सगळा दोष मुलींच्या माथी जाणार होता, आणि ज्या तोंडानं तिनं त्यांना परत पाठवलं होतं, त्याच तोंडानं ती म्हणणार होती की त्या आल्याच नाहीत. पहिल्या वर्षीच्या त्या मुलीचा चेहरा आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. आठवलं ते फक्त बोचकं. चादरीत बांधलेलं, एका टोकाला गाठ.

परगावच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "तुला काय पडलंय? नोकरी नीट चालली आहे, नसती उठाठेव कशाला?" त्याचं चुकत होतं असं नाही. फोन ठेवून ती आईच्या खाटेवर बसली. मनात येईल ते ऐकवावं असं दुसरं माणूस तिला सापडेना.

समिती बसली ती ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. लांब टेबल, पलीकडे तिघं जण. मधोमध निवृत्त न्यायाधीश असलेल्या एक वयस्क बाई. एका बाजूला क्रीडाप्रमुख, दुसरीकडे संघाच्या बाई आणि कप्तान. मावशी नीट इस्त्री केलेल्या कपड्यांत आली होती, पण हात कुठं ठेवावेत तेच तिला कळेना. समोर खिडकीचा कट्टा नव्हता ना.

"मुलांच्या संघाचे कपडे कोण धुतं?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"मी."

"आणि मुलींचे कपडे कोण धुतं?"

"मुलीच. आपापल्या घरी."

"तुमच्याकडे आणून देत नाहीत?"

क्रीडाप्रमुख पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"आणत होत्या," मावशी म्हणाली. "मी परत पाठवत होते."

"का?"

"तसं सांगितलं होतं."

"कुणी?"

'वरून' म्हणायचं असं तिनं येताना ठरवलं होतं. वरून म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही. पण तोंडातून निघालं ते, "सरांनी." मग तिला वाटलं आपलं सांगणं अर्धवटच राहिलं. "सरांनी एकदाच सांगितलं. पुढं दर वर्षी मीच पाठवलं. मला कुणी सांगावंही लागलं नाही."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "हे असंच लिहून घ्यायचं?"

"घ्या," मावशी म्हणाली.

चार महिन्यांनी निकाल लागला. मोठा हॉल एक दिवसाआड मुलींना. कपड्यांचे दोन जोड, धुलाई मुलांसारखीच. उपचारखोली दोघांना. आणि मुलींच्या संघाला पूर्ण वेळ, पूर्ण पगाराचा प्रशिक्षक. त्या संध्याकाळी मुलींनी व्हरांडा डोक्यावर घेतला. कप्तान खिडकीतून आत घुसून मावशीला मिठी मारायला गेली आणि शटरची कड तिच्या डोक्यात बसली. भिंगरी प्लास्टर निघालेला हात नाचवत हसत सुटली, मावशीही हसली. इतकं हसून तिला बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गप्प झालं.

कुणी वाईट बोललं असतं तर तिनंही चार शब्द सुनावले असते. पण कुणी काहीच बोललं नाही. वरच्या मजल्यावरून दहा वाजता येणारा चहा येईनासा झाला. मुलांच्या संघाचे प्रशिक्षक खिडकीवर टेकायचे थांबले. कपडे ढकलगाडीतून यायचे, वर एक चिठ्ठी. ती हजेरीच्या सहीला गेली की ऑफिसातलं बोलणं बंद पडायचं आणि ती दाराबाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं. क्रीडाप्रमुखांची बदली वगैरे काही झाली नाही. ते समोरून आले की तिच्याकडे नव्हे, तिच्या मागच्या भिंतीकडे बघून जात.

वायरमन आठवडाभर आला. मग एक दिवस डबा न उघडताच उभा राहिला.

"ताई, रागावू नका. माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे."

"मग?"

"म्हणजे... काही दिवस मी वरच जेवत जाईन. तुम्हाला तर कळतंय."

"कळतंय की. जा तुम्ही."

तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "ड्रायरचा पट्टा कुरकुरला तर बोलवा हं." तिनं मान हलवली. पट्टा पुढं बरेच दिवस कुरकुरला. तिनं बोलावलं नाही. इस्त्रीच्या टेबलावर एकटीनं डबा खाताना ती मशीनशीच बोलायला लागली. एक मशीन शहाणं होतं आणि दुसरं नाठाळ. नाठाळाला ती रोज रागवायची, म्हणजे तेवढं तरी तोंड उघडायचं.

प्रशिक्षकाच्या नव्या जागेची जाहिरात निघाली. पूर्ण वेळ प्रशिक्षणाचा पाच वर्षांचा अनुभव हवा, असं तीत लिहिलं होतं. मुलींच्या संघाला आजवर पूर्ण वेळ कुणी नव्हतंच, तेव्हा असा अनुभव असलेली बाई तरी कुठून मिळणार? जागा एका पुरुषाला मिळाली. तो माणूस वाईट नव्हता. कामाचा होता, मुलींशी सरळ वागणारा. पण अकरा वर्षं पहाटे उठून शिकवणाऱ्या बाईंना परत नुसतं कवायतीच्या तासावर जावं लागलं. त्या एकदाच खिडकीशी आल्या, गळ्यातली शिट्टी काढून कट्ट्यावर ठेवायला.

"ही कॉलेजची आहे. जमा करून घ्या."

"बाई, तुम्ही परत दाद मागा ना."

"आता अंगात जोर नाही गं," बाई म्हणाल्या. वर्ष संपताच त्या दुसऱ्या गावच्या शाळेत निघून गेल्या.

मोठ्या हॉलमधला मुलींचा पहिला सामना शनिवारी दुपारी तीनला होता. मावशीची सुट्टी होती तरी ती गेली. दोन हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं, तीही बहुतेक मुलींची आई-बापं. ती वरच्या रांगेत जाऊन बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मुलींना एवढ्या मोकळ्या जागेची सवय नव्हती. त्या बाहेर जाणाऱ्या चेंडूच्या मागे धावायच्या आणि कडेला पोचायच्या आधीच थबकायच्या, जणू भिंत अजून तिथंच आहे. एकोणीस गुणांनी हरल्या. कप्ताननं वर बघून हात केला. मावशीनंही केला, पण तोवर कप्तान वळली होती.

कप्तान पास झाली. भिंगरीही पुढच्या वर्षी गेली. आधी महिन्याला फोन यायचे, मग सणासुदीला, मग राहून गेले. मावशीनं कुणाला दोष दिला नाही. पोरी पुढं जायच्याच, ती तिथंच राहणार होती.

आणि हॉल हळूहळू भरू लागला. पन्नासांचे दोनशे झाले, दोनशेंचे सहाशे. लहान लहान मुली पाठीवर नंबर घालून यायला लागल्या. सामानघरात मुलींच्या जाळीच्या पिशव्यांची वेगळी मांडणी उभी राहिली. नव्या येणाऱ्या पोरींना आधीचं काही ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगतही नव्हतं. एकदा सामन्याच्या दिवशी ड्रायर अडकला आणि पाच नंबरची जर्सी किंचित दमट राहिली. ती पोर खिडकीवर येऊन फणकारली.

"मावशी, हे काय? एवढंसुद्धा वेळेवर होत नाही का तुमच्याकडून?"

मावशी बघतच राहिली. तिला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात आलं, ही पोर भांडतेय. कपडे कोरडेच मिळायला हवेत, असं हिला जन्मापासून माहीत असल्यासारखं भांडतेय. "आण इकडे," ती म्हणाली आणि इस्त्रीनं जर्सी सुकवून दिली. त्या दिवशी हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. डब्याच्या वेळी ती इस्त्रीच्या टेबलाशी बसली आणि तिला सांगताच आलं नाही. नाठाळ मशीनलाही नाही.

साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोप दहा मिनिटांत उरकला. नव्या क्रीडाप्रमुखांनी कागदावरून वाचलं की मावशींनी मुलांच्या संघाची मनापासून सेवा केली. कागद जुन्या फाइलवरून केला असणार. टाळ्या वाजवणाऱ्यांत मागच्या बाजूला केस पांढरे झालेला वायरमन होता. तो नंतर जवळ आला आणि चपला बघत म्हणाला, "ताई, तेव्हा माझं चुकलंच." ती म्हणाली, "मुलगा कसा आहे?" मुलगा नोकरीला लागला होता.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कप्तान अचानक दारात उभी राहिली. आता कुठल्याशा लांबच्या गावी शाळेतल्या मुलींना शिकवत होती. कडेवर वर्षाचं मूल. दोन तासांनी बस होती. चहा झाला, मूल आईच्या खाटेवर झोपलं.

"मावशी, खरं सांगा. मी तुम्हाला बोलायला लावलं त्याचा राग आला होता का कधी?"

"राग नाही गं. एकटी पडले. ते कुणी आधी सांगितलं नव्हतं."

"मला वाटलं होतं, सगळे तुम्हाला डोक्यावर घेतील."

"मलाही तसंच वाटलं होतं थोडं," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता कप्तानचे डोळे भरून आले. मावशीनं कप उचलून आत नेले आणि ते धुवायला लागतो त्याहून जास्त वेळ घेतला.

तिला बसला पोचवून मावशी परस्पर हॉलकडे गेली. त्या दिवशी मुलींचा अंतिम सामना होता. तिकिटांच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, बसायला जागा नाही, उभं राहायचं तर जा. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पुढच्या माणसांच्या खांद्यांमधून मैदानाचा एक कोपरा दिसत होता. अर्ध्या वेळेपर्यंत कसंबसं काढलं, मग गुडघे बोलायला लागले तशी ती घरी आली. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत आतला गलका तिच्या मागून येत होता.

सकाळी ती पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. पुढे एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून दुकानदाराला कालचा सामना सांगत होते.

"जिंकल्या का?" मावशीनं विचारलं.

"जिंकल्या म्हणजे! शेवटच्या चार सेकंदांत. तुम्ही बघता का हा खेळ?"

"थोडाफार."

"मग सांगतो नीट," ते गृहस्थ उत्साहानं वळले. "फाउल झाला ना, की ज्या मुलीला धक्का लागला, तिला मोकळे दोन फेकायला मिळतात. कुणी अडवायचं नाही. कळलं? तर तिनं पहिला घातला. आणि दुसरा..." त्यांनी काउंटरवर बोटानं मैदान काढलं, बरण्यांना खेळाडू केलं. एक बरणी चुकीच्या जागी होती. मावशीनं ती हलवली नाही. तिनं पाव पिशवीत टाकला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.